नाकाला हळद

२४ ऑगस्ट २००६

आकडे नाचतात! नांदेडला मिस्त्री लोकांच्या वर्गात सर सांगत होते तेव्हा नुसती मान डोलावली होती. आज स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं.

तांड्यावरचा रणजीत त्याची पांढरी व्हॅन सर्व्हिसिंगला घेऊन आला होता. तांड्याची पोरं औंढ्याच्या शाळेत आणतो-नेतो ती. जुनीच आहे, दुसऱ्याकडून घेतलेली, पण हिला कार्ब्युरेटर नाही. पेट्रोल किती सोडायचं ते एक कॉम्प्युटरची डबी ठरवते. आणि त्या डबीला खबर देतो धुराच्या नळीत बसवलेला एक सेन्सर. अंगठ्याएवढा! इंजिन पुढच्या दोन सीटांखाली, सेन्सर डावीकडे; डावं सीट उचललं, त्याच्या वायरीला टाचणी टोचली, मीटर जोडला. आकडा वर, खाली, वर, खाली. धुरात हवा उरली म्हणजे पेट्रोल कमी पडलं, आकडा खाली. हवा उरली नाही म्हणजे पेट्रोल जास्त झालं, आकडा वर. हुंगतो आणि सांगतो, हुंगतो आणि सांगतो, थांबतच नाही! मी तिथेच बसून राहिलो. बाहेर एक जीपवाला हाका मारून निघून गेला.

रणजीतची आई भिकाबाई बरोबर होती, नागनाथाला आलेली. माझ्या खांद्यावरून वाकून विचारते, काय बघून राहिला रे पाशा? म्हटलं, माय, हे गाडीचं नाक. तिने नीट निरखलं. म्हणाली, "नाक हाय तर ही वायर म्हंजी वेसण व्हय?" काल पोळा झाला, तिच्या डोक्यात अजून बैलच. मी म्हटलं, हो, वेसणच समज.

तिने त्या सेन्सरला हात जोडले. मला हसू आलं नाही. माझीही अवस्था साधारण तीच होती.

२५ ऑगस्ट

इथे लिहायला भीती नाही. घरात आमची दखनी चालते, पण मी लिहायला शिकलो ते जिल्हा परिषदेच्या शाळेत, मराठीत. बायकोला, शरीफाला, वाचता येतं ते फक्त उर्दू. तेव्हा तिचं बोलणंही मी इथे मराठीत करून घेतो, आणि मनातलं काय ते मोकळं लिहितो.

माझं नाक मेलंय. हिवाळ्यात जबर सर्दी झाली. ताप उतरला, सर्दी गेली, जाताना वासही घेऊन गेली. हिंगोलीच्या डॉक्टरने सांगितलं, येईल कधीतरी, नाहीतर नाहीही येणार. पेट्रोल, गुलाबाचं अत्तर, करपलेली भाकरी, मला सगळं पाण्यासारखं.

दुसऱ्या कुणाचं गेलं असतं तर त्याने चारचौघांत सांगून टाकलं असतं. मी कुणाला सांगू? हिंगोली रोडवर मला नाकवाला मिस्त्री म्हणतात. सायलेन्सरमागे उकिडवं बसायचं, डोळे मिटायचे, दोनदा हुंगायचं, की पेट्रोल जास्त का कमी, ऑइल जळतंय का नाही, सांगून मोकळा. अब्बांनी शिकवलेलं. त्यांना तर धुरावरून पेट्रोलमध्ये रॉकेल कळायचं. आता हे बाहेर फुटलं तर माझ्याकडे गाडी कोण आणेल? अफरोज पुण्याहून फोनवर म्हणतोच, अब्बा, गॅरेज बंद करा, इकडे या. तिथे जाऊन काय करू? पोराच्या गॅलरीत बसून खालच्या गाड्या बघू?

म्हणून काल हललो नाही त्या व्हॅनपासून. माझ्यातलं गेलं आणि लोखंडाला मिळालं. अल्लाची काय करणी आहे!

३ सप्टेंबर

शरीफाला काय झालंय कळत नाही. पंचवीस वर्षांच्या संसारात गॅरेजात पाय ठेवला नव्हता, ऑइलचे डाग पडतात म्हणून. या उन्हाळ्यापासून मात्र सकाळचा चहा घेऊन रोज हजर. आणि येऊन करते काय, तर कटकट! आज उंबऱ्यातच नाकाला पदर लावला. ही लाल जीप किती घाण मारते म्हणे, कच्चं पेट्रोल सांडल्यासारखं. पलीकडच्या रिक्षाला जळक्या तेलाचा वास येतो म्हणे. नाक आहे का काय आहे हिचं!

पण खरं सांगायचं तर तिच्या कटकटीवरच माझं निभावून जातं. ती गेली की मी निवांत जीपच्या मागे उकिडवा बसतो, डोळे मिटतो, आणि ड्रायव्हरला सांगतो, पेट्रोल जास्त होऊन राहिलं तुझं. ड्रायव्हर खूश. हिला पत्ता नाही की मी हिच्या तोंडचं उचलतो. नशीब म्हणायचं, दुसरं काय.

१४ सप्टेंबर

काम नाही. गावोगाव लोक चिकुनगुनियाच्या तापाने सांधे धरून बसलेत, गाड्या काढणार कोण? मीटर उगाच काढला, पुसला, ठेवला.

२५ सप्टेंबर

पहिला रोजा. चहा नाही, म्हणून शरीफाही नाही. गॅरेज कसं शांत. मला वाटलं होतं बरं वाटेल.

२ ऑक्टोबर

दसरा. सकाळपासून गाड्या धुतल्या जातायत, झेंडूच्या माळा, लिंबू-मिरच्या. दरवर्षीसारखं ड्रायव्हर मंडळींनी माझ्या पान्यांनाही हळद-कुंकू लावलं, मी लावू देतो. वर्षभर हाताला साथ देतात ते पाने, त्यांचा मान होतो तर मला बरंच वाटतं. रणजीतने आपट्याची पानं दिली. व्हॅनची पूजा आईने तांड्यावरच केली म्हणाला, पहाटे उठून, कुणाला हात लावू दिला नाही. माझा रोजा म्हणून पेढे कागदात बांधून दिले. संध्याकाळी खाल्ले. गोड लागतं तेवढं कळतं.

६ ऑक्टोबर

रणजीत व्हॅन घेऊन आला. समोर इंजिनाचा पिवळा दिवा लागलेला. गाडी झटके खाते, पेट्रोल पिते, चढाला दम टाकते. सर्व्हिसिंग होऊन किती दिवस झाले? मला लाजच वाटली.

सीट न उचलता खालून हात घालून वायरीला मीटर लावला. आकडा तळाशी. नाच नाही, काही नाही. खाली म्हणजे खालीच. याचा अर्थ धुरात हवाच हवा, पेट्रोल पोचत नाही. गाडी उपाशी! मी स्वतः रोज्याचा, समोर गाडीही उपाशी. रणजीतला म्हटलं, माझ्या सोबतीला तू हिलाही रोजा ठेवायला लावलास काय? तो हसला, पण चेहरा उतरलेलाच होता. पोरांचे आईबाप रोज विचारतात म्हणाला.

म्हटलं, काळजी करू नको. नाक सांगतंय ना, उपाशी आहे. का उपाशी आहे तेवढं शोधायचं.

८ ऑक्टोबर

ड्रायव्हरच्या बाजूचं सीट उचलून पेट्रोलचा फिल्टर बदलला. पंपाचा जोर बघितला, बराबर आहे. मग अगरबत्ती पेटवून इंजिनाच्या सगळ्या रबरी नळ्यांवरून फिरवली. कुठे फट असेल तर तिथे धूर आत ओढला जातो. धूर सरळ वर गेला, कुठेच वळला नाही. एवढा बारीक धूर, पण खोटं बोलत नाही, बघत राहावंसं वाटतं. मोगऱ्याची अगरबत्ती होती, पुड्यावर लिहिलेलं.

गाडीखाली झोपून धुराच्या नळीच्या जोडांना खालूनच साबणाचं पाणी लावलं. तिथून बाहेरची हवा शिरली तरी सेन्सर फसतो. बुडबुडा आला नाही.

आकडा तळाशीच.

९ ऑक्टोबर

प्लग काढले. काळेकुट्ट! काजळी धरलेली.

आता याला काय म्हणावं? उपाशी गाडीचे प्लग पांढरे पडतात. काळे पडतात ते पेट्रोल जास्त झालं की. मीटर म्हणतो उपाशी, प्लग म्हणतात पोट फुटेस्तोवर खाल्लंय. दोन साक्षीदार, दोघांची तोंडं दोन दिशांना. पूर्वी असं झालं की मी उठायचो आणि सायलेन्सरमागे जाऊन बसायचो. दोन हुंगण्यांत निकाल.

आजही बसलो. रणजीत बघत होता, त्याच्या समोर न बसून कसं चालेल? तो म्हणाला, "चाचा, रोजा हाय तुमचा, धूर काहून घेता?" देवाने दाखवलेली वाट होती ती! उठायचं होतं मी. पण म्हटलं, वासाने रोजा तुटत नाही, आणि डोळे मिटले. ऊन ऊन वारा नाकावर लागला. त्यात काहीच नव्हतं.

डोळे उघडून मी म्हणालो, "लीन आहे. पेट्रोल कमी." प्लगवरची काजळी जुनी असेल, असं माझं मलाच समजावलं. त्या सेन्सरला खोटं कसं पाडू? सेकंदा-सेकंदाला हुंगणारं नाक ते. माझ्या मेलेल्या नाकाने त्याच्यावर संशय घ्यायचा?

१२ ऑक्टोबर

व्हॅन चढावर बंद पडली, पोरं आत. भरदुपारी तांड्यापर्यंत चालत गेली, लहानग्यांना मोठ्यांनी कडेवर घेतलं म्हणे. कुणी रागावलं नाही माझ्यावर. रागावले असते तर बरं झालं असतं.

१६ ऑक्टोबर

पेट्रोल सोडणाऱ्या बारीक नळ्या साफ केल्या. फरक नाही. रणजीत मान खाली घालून म्हणाला, दिवाळी झाली की नांदेडला दाखवून आणतो चाचा, तिथं कॉम्प्युटर लावून बघतात. वाईट वाटून घेऊ नका म्हणाला. त्याच्या बापाची जीप माझ्या अब्बांकडे यायची. आज तांड्यावरची ही गाडी गेली की उद्या बाकीच्या कशाला थांबतील? नमाज पढताना लक्ष लागलं नाही.

१८ ऑक्टोबर

आज जे झालं ते नीट लिहितो.

ईदच्या खरेदीला हिंगोलीला जायचं होतं. एसटी भरून गेली. रणजीत व्हॅन घेऊन हिंगोलीलाच निघालेला, म्हणाला बसा, झटके खात का होईना नेतो. शरीफा मागे बसली. औंढा सुटलं नाही तोच तिने पदर नाकाला लावला. खिडकी सरकवली. थोडं पुढे गेल्यावर माझ्याकडे न बघता, रस्त्याकडे तोंड करून, पण मोठ्याने म्हणाली, "पेट्रोल कुठे सांडलंय का? डोकं उठलं माझं. असा वास तर त्या लाल जीपलाही नव्हता."

मी गारच झालो. लाल जीप! त्या जीपचं पेट्रोल जास्त होतं.

रणजीतला विचारलं, तुला येतो का वास? तो म्हणाला, "येतोय की चाचा, दसऱ्यापासून येतोय. पन तुमी स्वतः हुंगून बघितलं व्हतं. मंग मी काहून बोलू?"

गाडी उपाशी नाही. खाऊन खाऊन फुगली आहे. प्लग खरे. सेन्सर खोटं बोलतोय! तो उपाशी म्हणून ओरडतो, डबी बिचारी विश्वास ठेवून पेट्रोल सोडत जाते, तरी तो ओरडतच राहतो. आणि माझ्यासारखा वेडा त्याच्या बाजूने साक्ष देतो.

मग रणजीतने मान वळवून माझ्याकडे पाहिलं आणि जे विचारू नये तेच विचारलं, त्या दिवशी तुम्हाला वास आला नाही का म्हणून. तेवढ्यात मागून शरीफाच बोलली, रोज्यात ह्यांचं नाक असंच बंद पडतं, दरवर्षीचं आहे. हिने हे कुठून काढलं अल्ला जाणे, पण मी वाचलो. रणजीतने मान हलवली आणि गियर बदलला.

बाजारात काय घेतलं ते आठवत नाही. बांगड्या घेतल्या बहुतेक.

१९ ऑक्टोबर

सकाळी इंजिन गार असतानाच डावं सीट उचललं, दसऱ्यानंतर पहिल्यांदाच. बॅटरी धरून सेन्सरकडे पाहिलं आणि पाहतच राहिलो.

सेन्सर दिसतच नव्हता! वरून खालपर्यंत हळदीचा थर. तेलात कालवलेली घट्ट हळद, इंजिनाच्या उष्णतेने भाजून तपकिरी झालेली, भेगांतून आतला पिवळा रंग दिसतोय. वर कुंकवाचा टिळा. वायर जिथून आत जाते तिथे लाल नाडा, सात-आठ वेढे, गाठ मारून. वेसणीला बांधतात तसा.

भिकाबाई पोरांबरोबर आली होती, उटण्याचं सामान घ्यायला. तिला बोलावलं. माय, हे तू केलंस का? तिला वाटलं मी कौतुक करतोय. म्हणाली, "तूच बोलला व्हता, गाडीचं नाक हाय. पोळ्याला बैलाच्या खांद्याला हळद-तूप चोळतो आमी, वझं वढून दुखतो म्हनून. हिचं नाक रातदिस धूर वढून राहिलं, त्याला काहून न्हाई चोळायचं?" घरची हळद होती म्हणाली, कुरुंद्याला दिलेल्या बहिणीने पाठवलेली, भेसळ नाही.

मला तिथेच नांदेडच्या सरांचं ते वाक्य आठवलं, ज्याचा अर्धाच भाग मी घरी आणला होता. हा सेन्सर एकटा धूर हुंगत नाही. त्याच्या टोपणाशी बारीक वाट असते, तिच्यातून तो बाहेरची ताजी हवा घेतो. एका अंगाला धूर, दुसऱ्या अंगाला आपली ही मोकळी हवा. दोन्हींतला फरक बघूनच तो सांगतो. सर म्हणाले होते, "आतलं कळायला बाहेरची हवा लागते." माझं सगळं लक्ष धुराकडच्या टोकावर. दुसऱ्या टोकाला भिकाबाईच्या मायेने हळद भरून ठेवलेली. बाहेरचा श्वास कोंडला, आणि आत काय चाललंय ते त्याला कळेना.

सेन्सर काढला. मऊ ब्रशने वरचा थर सोडवला, टोपणाशी पुन्हा पुन्हा पुसलं, उन्हात ठेवला. नाडा भिकाबाईला परत दिला. तिला सांगितलं, माय, याला श्वास घेऊ द्यायचा, हळद स्टिअरिंगला लाव. ती घाबरली, कान पकडायला लागली. म्हटलं, कान कशाला पकडतेस? चूक असली तर सांगणाऱ्याची. एवढ्या मानाने त्याच्याकडे बघणारी तू आणि मी, दोघंच आहोत या औंढ्यात.

बसवला. गाडी चालू केली, गरम होऊ दिली. मीटर रणजीतच्या हातात दिला, मला धीर नव्हता.

"चाचा, हलून राहिलं!"

वर, खाली, वर, खाली. झटके गेले. प्लग नवे टाकले, पिवळा दिवाही विझवला. हळदीने पिवळी पडलेली माझी बोटं आणि समोर ते नाचणारे आकडे! भिकाबाई, रणजीत, मी, तिघं एका सीटखाली डोकं घालून बसलो होतो. बाहेरून कुणी पाहिलं असतं तर म्हणालं असतं, यांचं काही हरवलंय.

घरी येऊन शरीफाला सगळं सांगितलं, नाकाचं सोडून. ती ऐकत होती. शेवटी म्हणाली, भिकाबाईला रागावला नाहीत ना?

२२ ऑक्टोबर

रणजीत फराळ देऊन गेला. नांदेडचं नाव काढलं नाही. पोरांनी व्हॅनच्या खिडकीतून ओरडून दिवाळीच्या शुभेच्छा दिल्या. पण मन हलकं नाही. ही वेळ निभावली. पुढच्या वेळी दोन साक्षीदार भांडले तर मी कुणाचं ऐकणार? डोकं उठलं म्हणत रोज कुणी गाडीत बसायला येणार आहे का?

२५ ऑक्टोबर

ईद. अफरोज आला, गळाभेट झाली. शीरखुर्मा पुढे आला तसं मी दरवर्षीचं बोललो, वा, विलायचीचा वास काय सुटलाय! शरीफा वाटी भरत होती, हात जरा थांबला.

अफरोज पुण्याचा विषय काढायला लागला. मी काही म्हणायच्या आत हीच म्हणाली, तुझ्या अब्बांचं काम इथे बराबर चाललंय.

२६ ऑक्टोबर

रोजे संपले. सकाळी शरीफा चहा घेऊन गॅरेजात आली. बाहेर दोन जीप आणि एक रिक्षा उभी. किटली ठेवली, पदर खोचला. इकडेतिकडे पाहिलं, कुणी ऐकत नाही याची खात्री केली.

"कालच्या शीरखुर्म्यात विलायची नव्हतीच, अफरोजचे अब्बा. महिनाभर मला यायला जमलं नाही, म्हणून घोटाळा झाला तुमचा. सांगा आता, आधी कोणती हुंगू?"